यरुशलेमला निघताय? बॅग भरायच्या आधी हे बघा

सगळ्यात आधी कॅलेंडर उघडा, बॅग नंतर. यरुशलेममधल्या जागा तशा चालत जाण्याइतक्या जवळ, तटाच्या आतलं जुनं शहर जेमतेम एक चौरस किलोमीटर, पण तीन धर्मांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या आणि लोक नेमके तिथे फसतात. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवारी अंधार पडेपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, ट्रेन-बस जवळपास ठप्प, त्यामुळे शनिवारचं विमान असेल तर टॅक्सी आधीच ठरवून ठेवा. डोम ऑफ द रॉक या सोनेरी घुमटाच्या मुस्लिम वास्तूच्या आवारात मुस्लिमेतरांना शुक्रवार-शनिवार प्रवेश नाही, इतर दिवशीही मोजके तास, तेही फक्त वेस्टर्न वॉल या ज्यूंच्या पवित्र भिंतीजवळच्या मुघराबी गेटने. येशूने अटकेआधी प्रार्थना केली त्या गेथसेमनेचं चर्च दुपारी दोनेक तास बंद असतं. शुक्रवार वाया जातो असं मात्र समजू नका, दुपारी फ्रान्सिस्कन फादर लोक क्रुसाची वाट ही प्रार्थना करत, येशू क्रूस घेऊन गेला असं मानतात त्या व्हिया डोलोरोसावरून जातात, त्यात सामील व्हा.

कागदपत्रं. व्हिसा आधी काढायचा, परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचायची (परिस्थिती कधी बिघडेल सांगता येत नाही) आणि इन्शुरन्समध्ये युद्धजन्य परिस्थिती कव्हर आहे का ते बारीक अक्षरात शोधायचं. पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, छोटी निळी चिठ्ठी देतात, ती जपा. बेथलेहेम दहाएक किलोमीटरवरच आहे पण पॅलेस्टिनी भागात, येताना चेकपोस्ट लागतं, तेव्हा पासपोर्ट जवळ हवाच, आणि भाड्याच्या इस्रायली गाडीचा विमा तिकडे सहसा चालत नाही, सरळ दमास्कस गेटजवळून अरब बस पकडा. ख्रिस्तजन्माच्या चर्चचा दरवाजा सव्वा मीटरच्या आसपास उंच, गुडघेदुखीवाल्यांनी वाकायची तयारी ठेवा.

कपडे: खांदे-गुडघे झाकलेले, एक स्कार्फ कायम बॅगेत. वेस्टर्न वॉलला पुरुषांना डोकं झाकावं लागतं, टोपी तिथे मिळते. बूट चांगल्या ग्रिपचे, कारण गल्ल्यांतली फरशी घासून घासून गुळगुळीत झालीय.

आता माझी सगळ्यात आवडती जागा, बायबलमधल्या हिज्कीया राजाचा बोगदा. वेढ्यात शहराला पाणी मिळावं म्हणून सुमारे 2,700 वर्षांपूर्वी खोदलेला, 533 मीटर, दोन टोळ्या दोन टोकांनी खणत आल्या आणि मध्ये भेटल्या! आत मिट्ट काळोख, पाणी सुरुवातीला मांडीपर्यंत, म्हणून टॉर्च, पट्ट्याच्या सँडल, शॉर्ट्स आणि नंतर चर्चमध्ये जायला सुकी पँट. उंच माणसांनी डोकं सांभाळा, कोंडल्यासारखं होत असेल तर बाजूचा कोरडा बोगदा घ्या. जायच्या आधी बायबलमधले 2 राजे 20 आणि योहान 9 हे अध्याय वाचून जा, बाहेर पडता तिथेच शिलोहाचं तळं आहे. जैतुनाच्या डोंगरासाठी लूक 19. वाचलेलं नसेल तर गाईड कितीही बडबडला तरी चार दगड बघून आल्यासारखं वाटतं, हे माझं ठाम मत.

हेरोद गेटजवळ सूफी संत बाबा फरीदांच्या आठवणीचा इंडियन हॉस्पिस (जुनी भारतीय धर्मशाळा) आहे, जायचं तर आधी फोन करा.

मृत समुद्रासाठी वेगळा दिवस, वाटेत कुमरान, जिथल्या गुहांत 1947 मध्ये जुन्या हस्तलिखितांच्या गुंडाळ्या सापडायला सुरुवात झाली. उन्हाळ्यात भरपूर पाणी घ्या. आणि आदल्या दिवशी दाढी किंवा वॅक्सिंग अजिबात करू नका, त्या खाऱ्या पाण्यात असं झोंबतं की विचारू नका.