मुखवटा टोचतोय? गरम पाण्यात नरम करा

गॅदरिंगसाठी आणलेला माकडाचा मुखवटा पोराच्या नाकावर रुतायचा आणि कानशिलापाशी मात्र दोन बोटं फट. असे पातळ मुखवटे बऱ्याचदा पीव्हीसीचे असतात. हे प्लास्टिक साधारण ८० अंशांना नरम पडतं, म्हणजे उकळतं पाणीसुद्धा लागत नाही.

पसरट पातेल्यात पाणी चांगलं वाफाळू द्या आणि गॅस बंद करा. इलॅस्टिक आधी सोडवा. मुखवटा अख्खा बुडवलात तर माकडाचं तोंडच सपाट होईल. वाकवायची तेवढीच कड चिमट्याने धरून १०-१५ सेकंद पाण्यात ठेवा. ती लवायला लागली की जाड रबरी हातमोजे घालून वळवा आणि तशीच दाबून धरत गार पाण्याच्या नळाखाली न्या. गरम मुखवटा थेट चेहऱ्यावर दाबायचा मोह होतो, पण भाजेल. मी उपड्या तांब्याला टॉवेल गुंडाळून त्यावर दाबला. बिघडला तर पुन्हा बुडवा, पहिल्या फटक्यात जमत नाहीच.

रंग सुटतो का, हे आधी कोपऱ्यावर बघा. सुटत असेल तर हेअर ड्रायर फिरवा, वेळ जास्त लागेल. गॅसच्या ज्योतीवर मात्र अजिबात धरू नका. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर निघतो.

टिचकी मारल्यावर काचेसारखा वाजणारा ठिसूळ मुखवटा वाकवायच्या फंदात पडू नका, तडकेल. त्याला नाकापाशी आतून फोमची पट्टी चिकटवा.