जुन्या हाताला नवे पिकिंग शिकवताना

वर्षानुवर्षे मनानेच गिटार वाजवत आलेल्या माणसाचा पिक (तारा छेडण्याची छोटी चपटी पट्टी) धरणारा हात सरसकट चुकीचा नसतो. बहुतेक वेळा तो अर्धा बरोबर असतो आणि म्हणूनच दुरुस्तीला दाद देत नाही. माझ्या हाताने सत्तावीस वर्षांत एक पळवाट शोधून काढली होती. तार बदलताना जिथे अडखळायला होई, तिथे डाव्या हाताने हॅमर-ऑन घेऊन, म्हणजे बोट तारेवर आपटून स्वर काढून, पिकचा तो फटकाच गाळायचा. ऐकणाऱ्याला काही खटकत नसे आणि मी त्याला माझी शैली समजत होतो. त्यामुळे काहीही बदलण्याआधी आपला हात नेमके काय टाळतो आहे, ते शोधावे.

प्रथम एकाच तारेवर, दहा सेकंद, जमेल तितक्या वेगाने खाली-वर फटके मारून पाहावेत. एवढ्यातच कोपराच्या खालचे स्नायू आवळले गेले, तर दोष मूळ हालचालीत आहे. एका तारेवर हात मोकळा चालतो आणि दुसऱ्या तारेवर जाताच अडतो, असे असेल तर दोष तार बदलण्यात आहे. स्वतः शिकलेल्यांत मला हा दुसरा प्रकारच अधिक आढळला. फोन गिटारच्या मानेच्या बाजूला, तारांच्या रेषेत ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण केले की पिकची वाट स्पष्ट दिसते.

ती वाट समजून घेणे हाच या कामाचा गाभा आहे. पिक तारांना समांतर पातळीत खाली-वर जात असेल, तर प्रत्येक फटक्यानंतर ते दोन तारांच्या मध्ये अडकते आणि पुढची तार गाठण्यासाठी हाताला उडी मारावी लागते. प्रत्येक फटक्याला अशी उडी मारणारा हात लवकर दमतो. उपाय असा, की हालचालच किंचित तिरकी करावी. पिकची धरलेली बाजू जराशी जमिनीकडे झुकवली, तर खालचा फटका गिटारच्या अंगाकडे जातो आणि वरचा फटका आपोआप तारांबाहेर निघतो. उलट झुकवल्यास खालचा फटका बाहेर निघतो. १९३०च्या दशकात पॅरिसमध्ये बहरलेल्या जिप्सी जॅझचे वादक पहिल्या प्रकाराने वाजवतात. खालच्या फटक्यानंतर त्यांचे पिक पुढच्या तारेवर टेकते.

आता तिसरी तार खाली-वर आणि दुसरी तार खाली-वर, एवढेच वाजवावे. तिसऱ्या तारेवरचा वरचा फटका मारून पिक बाहेर आले, की ते त्याच तारेवरून पलीकडे जाऊन दुसऱ्या तारेवर खाली उतरते. पिक तिसऱ्या तारेला घासले, तर झुकाव कमी पडला आहे. हे जमल्यावर प्रत्येक तारेवर तीन स्वर घ्यावेत. तिथे तार एकदा खालच्या फटक्यानंतर आणि एकदा वरच्या फटक्यानंतर बदलावी लागते, म्हणजे एकच झुकाव पुरत नाही आणि मनगटाला दोन्ही वाटा शिकाव्या लागतात. माझी हॅमर-ऑनची पळवाट नेमकी इथेच लपली होती.

पकडीबाबत फार सांगण्यासारखे नाही. अंगठा आणि तर्जनीची कड यांच्यामध्ये पिक धरावे, टोक तीन-चार मिलिमीटर बाहेर ठेवावे आणि ते तारेवर सपाट न आपटता कडेने घसरेल इतके वळवावे. फार पातळ पिक स्वतःच वाकते आणि हाताची चूक झाकते, म्हणून शिकताना एक मिलिमीटरच्या आसपासचे पिक बरे.

ठरावीक गतीने ठोके देणाऱ्या मेट्रोनोमविषयी माझे मत ‘आधी संथ, मग हळूहळू वेगात’ या रूढ सल्ल्यापेक्षा थोडे वेगळे आहे. अगदी संथ गतीत चुकीची हालचालही बरोबर वाटते, कारण तिथे उडी मारायला पुरेसा वेळ मिळतो. म्हणून आधी छोटा तुकडा, थोडा ओबडधोबड का होईना, पण सैल हाताने वेगात वाजवावा, हालचाल ओळखावी आणि मग मिनिटाला ६० ठोके ठेवून, ठोक्याला चार स्वर घेत तीच हालचाल स्वच्छ करावी. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे, हात ताजा असताना, यासाठी राखून ठेवावीत. ताण जाणवला की थांबावे. दुखत असताना केलेला सराव जुनीच सवय पक्की करतो.

जुनी गाणी सोडण्याची गरज नाही. सरावानंतर ती खुशाल जुन्या हाताने वाजवावीत. फक्त त्यांतले एक गाणे निवडून त्यातला प्रत्येक हॅमर-ऑन काढून टाकावा आणि तिथे पिकचा फटका घालून ते गाणे निम्म्या वेगाने वाजवावे.