आडनाव आधी की नाव आधी?

एमबीबीएस झालेली पोरं पैशासाठी बाहेर जातात, असं आमच्या गल्लीत सगळे ठरवून मोकळे होतात. माझं कारण वेगळं होतं. सरकारी सेवेच्या बॉण्डच्या वर्षात गगनबावड्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी), भर पावसाळ्यात मध्यरात्री, मण्यार चावलेला माणूस आला. पापण्या मिटायला लागल्या होत्या. एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, 10 व्हायल्स सुरू केल्या आणि 108 मध्ये बसून कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयापर्यंत, हाताने श्वास देणारी अंबू बॅग दाबत आले. माणूस वाचला. पण मी केलं ते बरोबर की चूक, हे विचारायला वर कुणीच नव्हतं. मला शिकवणारा सीनियर हवा होता. म्हणून यूके.

प्लॅब, म्हणजे बाहेरच्या डॉक्टरांना यूकेत काम करण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा, तुम्हाला माहीत आहेच. पहिला पेपर 180 प्रश्नांचा, दुसरा भाग मँचेस्टरला, इंग्रजीच्या परीक्षेत, आयईएलटीएसला, एकूण 7.5 आणि प्रत्येक भागात किमान 7. अभ्यास केला की होतं, घाबरू नका.

मी अडकले नावात. डिग्रीवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नुसतं नाव आणि आडनाव. एजंटला विचारलं तर म्हणाला, "चालतंय की." नाही चालत! एपिक या डिग्री तपासणाऱ्या ऑनलाइन सेवेकडे पडताळणीला पाठवलेली डिग्री नाव जुळत नाही म्हणून परत आली. वडिलांचं नाव घालून पासपोर्ट नव्याने काढला, मग एपिकच्या खात्यावरचं नाव बदललं. तोवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (डॉक्टर म्हणून नोंदणी स्वच्छ असल्याचा दाखला) शिळं झालं, कारण जीएमसीला, म्हणजे यूकेत डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेला, ते 3 महिन्यांच्या आतलंच लागतं. पुन्हा अर्ज, पुन्हा फी. पाच महिने गेले, रात्र रात्र रडले.

म्हणून इंटर्नशिप चालू असतानाच डिग्रीपर्यंतच्या मार्कशीट, आधार, पासपोर्ट एका टेबलावर पसरा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. वडिलांच्या नावात एक 'एन' की दोन, तेसुद्धा. कंटाळा करू नका.

एजंटला पैसे देऊ नका, हे माझं ठाम मत. दहा वर्षांपूर्वी गेलेले दादा-ताई मायेनं सांगतात, पण त्यांच्या वेळचे नियम आता राहिलेले नाहीत. गेल्या वर्षी फॉर्म भरलेला सीनियर शोधा, तो हमखास मदत करतो.

उशीर झाला तरी वाट बंद होत नाही, माझी झाली नाही. फक्त आयईएलटीएसची तारीख नवा पासपोर्ट हातात आल्यावरच घ्या. ज्या पासपोर्टवर नोंदणी, तोच परीक्षेच्या दिवशी दाखवावा लागतो.