आधी सॉकेट जुळवा, मग पैसे द्या
लातूर-नांदेडला नवा डेस्कटॉप जोडून घेताना प्रोसेसरच्या भावाआधी सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, कोणतं ते विचारा. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डावर फक्त डीडीआर५ या नव्या पिढीची रॅम चालते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये मात्र बोर्डागणिक जुन्या पिढीची डीडीआर४ किंवा डीडीआर५ असते, तेव्हा जुनी रॅम वापरायची असेल तर बोर्डाच्या खोक्यावरचं नाव नीट वाचा.

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल, जसं आय५-१२४००एफ, तर त्यात स्क्रीनवर चित्र दाखवणारं ग्राफिक्स नसतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच राहते. टायपिंग, टॅली, पोरांचा अभ्यास एवढंच काम असेल तर ‘एफ’ नसलेला साधा आय५-१२४०० घ्या, भरपूर झाला.

एलजीए १७०० च्या ६०० मालिकेच्या बोर्डावर इंटेलचा १४व्या पिढीचा प्रोसेसर बसवणार असाल तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट दुकानातच करून घ्या. आणि आपल्याकडचा मे महिना बघता, प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) असलेलाच बोर्ड निवडा.