आधी उतरून पाहा: निवृत्तीनंतर सायकल घेताना

साठीपुढचा गिऱ्हाईक दुकानात आला की विक्रेता बहुधा दोनच गोष्टी सांगतो: गिअर किती आणि पुढे शॉकॲब्सॉर्बर आहे. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. सिग्नलला अचानक थांबावं लागलं, मागे रिक्षा हॉर्न वाजवतेय, कॅरिअरवर भाजीची पिशवी आहे. अशा वेळी पाय पटकन जमिनीला टेकतो का? या वयात माणूस वेगात असताना क्वचित पडतो. तो पडतो चढताना, उतरताना आणि थांबता थांबता. म्हणून सायकलची परीक्षा उतरण्यापासून सुरू करायची.

दांडा आडवा की खाली

आपल्याकडची एक पिढी कैची मारत शिकली आणि नंतर आयुष्यभर मागून टांग टाकत दांड्याची सायकल चालवत आली. टांग टाकायला खुबा चांगला मोकळा लागतो आणि तेवढा वेळ सगळा तोल एका पायावर असतो. त्यात कॅरिअरवर सामान असलं की पाय त्यालाच अडकतो. खाली वाकलेल्या दांड्याची सायकल घेतली की हा सगळा खटाटोप संपतो. दुकानात तिला अजून ‘लेडीज’ म्हणतात, कॅटलॉगात ‘स्टेप-थ्रू’ किंवा ‘युनिसेक्स’. नेदरलँड्समध्ये वयस्क पुरुष अशा सायकली सर्रास वापरतात. आपल्याकडे अजून संकोच आहे, पण पडल्यावर खुब्याचं हाड काही सायकल जेंट्स होती की लेडीज हे विचारत नाही.

टेप घेऊन जा. जिथून पाय ओलांडायचा ती जागा जमिनीपासून ५० सेंटिमीटरपेक्षा खाली असावी, ४०च्या आसपास असेल तर उत्तम. मग रोजचे बूट-चपला घालून दोन्ही ब्रेक दाबा, सायकल थोडी आपल्याकडे कलती करा आणि पाय पुढून ओलांडून उभे राहा. असं दहादा चढा-उतरा. पहिल्यांदा सगळ्यांना जमतं, खरं उत्तर आठव्या-नवव्या वेळी कळतं.

या सांगाड्यात एक दोष असू शकतो. वरचा दांडा नसल्यामुळे हलक्या प्रतीची फ्रेम पिळवटते आणि मागे वजन ठेवलं की हँडल थरथरतं. तेव्हा कॅरिअरवर ८-१० किलोची पिशवी बांधून एक चक्कर मारायला मागा. मोकळ्या सायकलवरून हे कळणार नाही.

माप

सीटची उंची ठरवायची सोपी रीत: भिंतीला धरून सीटवर बसा, पॅडल सगळ्यात खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा पॅडलवर घेतला की गुडघ्यात हलकासा बाक राहतो, तोच हवा. सीट खाली राहिली तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, जास्त वर गेली तर मागच्या बाजूला दुखतं आणि बसल्या जागी कंबर डावी-उजवी हलते. आत्मविश्वास येईपर्यंत पहिले दोन-तीन आठवडे सीट या मापाच्या २ सेंटिमीटर खाली ठेवायला हरकत नाही. कायम तशीच ठेवली तर गुडघे तक्रार करतील.

उंची कमी असलेल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. ७०० मिमी म्हणून विकली जाणारी मोठी चाकं लहान फ्रेमला लावली की हळू वेगात वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला किंवा मडगार्डला घासतं. पॅडल पुढे आडवं आणून हँडल पूर्ण वळवा. घासत असेल तर २६ इंची चाकांची सायकल बघा.

हँडल सीटच्या पातळीला किंवा ५ ते ८ सेंटिमीटर वर असावं आणि त्याची टोकं आपल्याकडे वळलेली असावीत. कोपर किंचित वाकलेले राहिले पाहिजेत. बोटांना मुंग्या येत असतील तर हातमोजे विकत घेण्याआधी सीटचं नाक खाली झुकलंय का ते पाहा. तसं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार तळहातांवर येतो. सीट आडवी सपाट करा, बहुतेक वेळा काम होतं. जुन्या पद्धतीचं हँडल वर घेताना त्याच्या नळीवरची कमीत कमी आत राहण्याची खूण दिसू देऊ नका. ती बाहेर आली तर नळी तुटू शकते.

ताठ बसायचं म्हणजे बैठकीच्या हाडांवर भार जास्त, म्हणून सीट थोडी रुंद लागते. पण फार मऊ जेलची गादी अर्ध्या तासातच दाबली जाते आणि हाडांऐवजी मधल्या नाजूक भागावर दाब येतो. मध्ये खाच असलेली, बोटाने दाबली तर जेमतेम दबणारी सीट निवडा. प्रोस्टेटचा त्रास किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गुडघा बदललेल्यांनी फिजिओथेरपिस्टला विचारावं. गुडघा साधारण ११० अंश वाकल्याशिवाय पॅडल पूर्ण फिरत नाही. क्रँक म्हणजे पॅडल ज्याच्या टोकाला बसतं तो दांडा. नेहमीच्या १७० मिमीऐवजी १६० किंवा १६५ मिमीचा क्रँक बसवला तर गुडघ्याला वाकावं कमी लागतं.

गिअर, टायर, शॉक

२१ गिअर हा आकडा फसवा आहे. त्यातले कितीतरी एकमेकांसारखेच असतात आणि पुढचा गिअर बदलताना चेन पडायची शक्यता वाढते. पुढे ३८ दात्यांची एकच चकती आणि मागे १४ ते ३४ दात्यांचं सात गिअरचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा गठ्ठा), इतकं बहुतेकांना पुरतं. सगळ्यात हलक्या गिअरला पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २.४ मीटर पुढे जाते. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असलेल्या जुन्या काळ्या सायकलवर हेच अंतर साडेपाच मीटरच्या आसपास होतं. पुण्यातल्या चांदणी चौकाच्या किंवा पणजीतल्या आल्तिनोच्या चढावर हा फरक गुडघ्यांना कळतो. सपाट भागात इतका हलका गिअर रोज लागत नाही, पण उलट्या वाऱ्यात लागतो.

स्वस्त शॉकॲब्सॉर्बर टाळा. तो वजन वाढवतो, वर्षा-दोन वर्षांत पाणी जाऊन अडकतो आणि चढावर पायाची ताकद खातो. खड्डे आणि गतिरोधक सोसायचं काम ३८ ते ४५ मिमी रुंदीचा टायर जास्त चांगलं करतो, फक्त हवा योग्य हवी. टायरच्या कडेला कमाल-किमान दाब छापलेला असतो. ७० किलोच्या माणसाला ४० मिमी टायरमध्ये साधारण ४० ते ५० पीएसआय पुरेसा होतो, पुढे थोडा कमी. पेट्रोल पंपावर मारतात तशी पूर्ण टाइट हवा भरली की हातापायांना हादरे बसतात. व्हॉल्व्ह मोटारीसारखा जाड असेल तर कुठेही हवा भरता येते, बारीक असेल तर पंप किंवा ॲडॉप्टर घरी ठेवावा लागतो.

ब्रेक रबराचे असोत की डिस्क, दोन बोटांनी सायकल थांबली पाहिजे. सांधेदुखीमुळे बोटं कमी वळत असतील तर लिव्हरजवळचा छोटा स्क्रू आत फिरवून लिव्हर हँडलजवळ आणता येतो. दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत. पावसाळ्यात रिमवरच्या चिखलाने रबर झपाट्याने झिजतं, त्यामुळे जून ते सप्टेंबर दर महिन्याला बघावं.

वजन, बॅटरी, तीन चाकं

पार्किंग तळमजल्यावर नसेल तर सायकल प्रत्यक्ष उचलून पाहा. १४-१५ किलोची सायकल लिफ्टमध्ये उभी करता येते, २२ किलोची ई-सायकल जिन्यावरून न्यायची तर दुसरा माणूस लागतो. ई-सायकल घ्यायचीच असेल तर पॅडल मारल्यावर मदत करणारी घ्या. केवळ मूठ पिळून पळणारीवर व्यायाम होत नाही आणि बॅटरीही लवकर संपते. मोटर २५० वॉटच्या आत आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर नोंदणी आणि परवाना लागत नाही. अंतराचा अंदाज जाहिरातीवरून घेऊ नका. ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे सुमारे २८० वॉट-अवर. बेताची मदत घेतली तर किलोमीटरला १० ते १२ वॉट-अवर खर्ची पडतात, म्हणजे साधारण २५ किलोमीटर. मोटर मागच्या चाकात असेल तर ते चाक काढताना वायरीचं कनेक्टर सोडवावं लागतं. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला ते करायला तयार आहे का, आधी विचारून ठेवा.

तोल फारच जात असेल तर तीनचाकी सुचवली जाते. ती उभी असताना पडत नाही, हे खरं. पण वळताना दुचाकीसारखी कलत नाही. जोरात वळलं किंवा रस्ता एका बाजूला उतरता असला तर आतलं चाक उचललं जातं. फाटकाची रुंदीही मोजून घ्या. चक्कर येत असेल तर मात्र आधी डॉक्टर, सायकल नंतर. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हेल्मेट घालाच, आणि डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठा.

घरी आणल्यावर

खोक्यात अर्धवट जोडून आलेली सायकल घरच्या घरी जोडताना दोन चुका हमखास होतात. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, उलटा लागतो. त्याचा बाक पुढच्या दिशेला हवा, रबराचे ब्रेक असतील तर तेही पुढेच. दुसरी चूक डाव्या पॅडलची. त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे ते डावीकडे फिरवून घट्ट होतं. उजव्यासारखं जोर लावून बसवलं तर क्रँकचे आटे जातात आणि क्रँकच बदलावा लागतो.

घंटी, मागचा लाल दिवा, दोन्ही मडगार्ड, चेनगार्ड आणि उजव्या बाजूचा आरसा त्याच दिवशी बसवून घ्या. मान वळत नसेल तर आरसा आधी. पहिल्या १०० किलोमीटरमध्ये केबली सैल होतात, तारा बसतात आणि चाकाला आउट येतो, म्हणजे ते फिरताना डुगडुगतं. तेव्हा दुकानात नेऊन आउट काढून घ्या, ब्रेक ताणून घ्या आणि क्रँकचे बोल्ट घट्ट करायला सांगा. पॅडल मारताना दर फेरीला एकदा ‘टक’ आवाज येत असेल तर पॅडल किंवा क्रँक ढिला झाला आहे. तशीच चालवत राहिलात तर क्रँकचं चौकोनी भोक गोल होतं.