मुलाच्या बरगड्या दुखतायत? कार्टिंगमधल्या या चुका टाळा

रविवारी ट्रॅकवर प्रॅक्टिस झाली की सोमवारी शाळेत शिंक आली तरी पोरगं बरगडी धरून वाकतं. नाशिकहून मुलांना कार्टिंगला, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्या चालवायला, नेणाऱ्या घरांना हे नवीन नाही. पालक मग लगेच रिब व्हेस्ट (बरगड्या वाचवणारं जाकीट) शोधायला लागतात. व्हेस्ट हवाच, त्यात वाद नाही. पण दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा सीटमध्ये असतं. सीट तशीच ठेवून वरून व्हेस्ट चढवला, तर कधीकधी दुखणं वाढतंसुद्धा.

कार्टला सस्पेन्शन नसतं. कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, चाक चढलं की तो दणका चेसिसमधून (गाडीच्या सांगाड्यातून) फायबरच्या सीटमध्ये आणि तिथून थेट अंगात जातो. सीटबेल्टही नसतो, कारण कार्ट उलटली तर मूल तिच्याखाली अडकू नये. म्हणजे वळणावर अंगाला धरून ठेवणारी मुख्य गोष्ट एकच, ती म्हणजे सीट. चांगली ग्रिप असेल तर वळणावर दोन जीच्या आसपास, म्हणजे अंगाच्या वजनाच्या साधारण दुप्पट, जोर लागतो. ३५ किलोच्या मुलाचं अंग तेव्हा सुमारे ७० किलोच्या जोराने बाहेरच्या बाजूला ढकललं जातं, तेही प्रत्येक लॅपला, प्रत्येक वळणावर. हा जोर कंबर आणि मांड्यांनी घेतला तर ठीक. तो सीटच्या वरच्या कडेवर आला, तर बरगडी आणि फायबरची कड यांची गाठ पडते.

वाढत्या अंगाची सीट

आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात, तशीच सीटही घेतली जाते. 'पुढच्या वर्षी पण चालेल' हे वाक्य सीटच्या बाबतीत महागात पडतं. सैल सीटमध्ये अंग आधी थोडं सरकतं आणि मग कडेवर आदळतं. नुसतं दाबलं जाणं आणि सरकून आदळणं यांत बराच फरक आहे. मार बसतो तो या आदळण्याने.

सीट तपासायला ट्रॅकवर जायची गरज नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्येही जमतं. कार्ट स्टँडवर घ्या. मुलाला सूट आणि व्हेस्टसकट बसवा, पाय पेडलवर, हात स्टिअरिंगवर. आता त्याचे खांदे धरून डावी-उजवीकडे हलवा आणि लक्ष कमरेवर ठेवा. कंबर सीटसोबतच हलली पाहिजे, सीटच्या आत वेगळी सरकता कामा नये. मग मोठा श्वास घ्यायला सांगा. श्वास अर्ध्यावर अडला तर सीट अरुंद आहे किंवा व्हेस्ट जाड झालाय. शेवटी सीटच्या कडेवरून बोट फिरवा आणि ती अंगाला नेमकी कुठे टेकते ते बघा. कड बरगड्यांच्या शेवटच्या जोड्यांवर टोचत असेल तर सीटची उंची किंवा कल बदलावा लागेल, नाहीतर सीटच बदलावी लागेल. आपल्या बारा जोड्यांपैकी खालच्या दोन जोड्या पुढून कशालाच जोडलेल्या नसतात, आणि त्यांच्या वरच्या तीन फक्त कूर्चेच्या आधाराने असतात. तिथे रोजचा दाब नको.

दहा-बारा वर्षांचं मूल एका उन्हाळ्यात चांगलंच वाढतं. गेल्या हंगामात कड जिथे टेकत होती तिथे ती आज टेकत नाही. ही तपासणी हंगामात दोन-तीनदा तरी व्हायला हवी.

सीट थोडीशीच सैल असेल तर पॅडिंग चालतं, पण कोणतं ते बघा. द्राक्षांच्या पेटीत घालतात तसला मऊ फोम चिकटवलेल्या सीटा दिसतात. बोटाने दाबला की तो सपाट होतो, म्हणजे दोन जीला त्याचा उपयोग शून्य. दाट, सहज न दबणारा फोम घ्या आणि तो कमरेपाशी लावा. फक्त बरगडीपाशी लावला तर आधार चुकीच्या जागी मिळतो.

सीटच्या आतले बोल्ट

हलक्या मुलांना रेसमधल्या आपल्या गटाचं किमान वजन भरून काढायला सीटवर शिशाची वजनं बोल्टने बसवतात. बोल्टचं डोकं आत वर आलेलं असलं की पाठीच्या बाजूला एका ठिकाणी गोल निळा डाग उठतो. तो दिसला तर आधी स्पॅनर हातात घ्या. सपाट डोक्याचा बोल्ट आणि मोठा वॉशर वापरा, डोकं सीटच्या पृष्ठभागाच्या वर येऊ देऊ नका. बोल्टच्या भोकांभोवती फायबरला तडा गेलाय का तेही बघा. तडकलेली सीट वळणावर वाकते, आणि वरून सगळं ठीक दिसत असतं.

व्हेस्ट आहे, पण कसा?

मोटरसायकलच्या जॅकेटमधलं आर्मर किंवा क्रिकेटचं चेस्ट गार्ड घालून मूल कार्टमध्ये बसवणं हा जुगाड आहे. बाइकचं आर्मर पडल्यावरच्या माराचा विचार करून बनवलेलं असतं, चेस्ट गार्ड समोरून येणाऱ्या चेंडूसाठी. कार्टमध्ये दाब येतो बाजूने, आणि तोही सतत. कार्टिंगच्या व्हेस्टला बाहेरून कडक कवच आणि आत फोम असतो, त्यामुळे एका कडेचा जोर मोठ्या भागावर पसरतो. एफआयए या मोटरस्पोर्टच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं ८८७०-२०१८ हे मानक खास कार्टिंगच्या बॉडी प्रोटेक्शनसाठी आहे. घेताना त्याचं लेबल बघा.

माप उभं राहून घेऊ नका. बसल्यावर व्हेस्ट वर सरकतो, गळ्याला टेकतो आणि खालच्या बरगड्या उघड्या पडतात. दुकानात खुर्ची मागा, मुलाला गुडघे वर घेऊन बसवा, मग ठरवा. आणि नाशिकच्या एप्रिल-मेमधल्या उन्हात मुलं काय करतात ते माहीत असू द्या: दोन सेशनच्या मध्ये वेल्क्रो सैल करतात आणि तसंच परत कार्टमध्ये बसतात. पिटमधून (ट्रॅकशेजारच्या तयारीच्या जागेतून) निघताना शेवटचा हात वेल्क्रोवर फिरवायचं काम एका मोठ्या माणसाचं.

कुठे दुखतं ते नीट विचारा

फक्त डावी बाजू दुखत असेल तर ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने होता का ते आठवा. तिथे उजवी वळणं जास्त, अंग डावीकडे जातं. हे सैल सीटचं लक्षण. दोन्ही बाजू सारख्या आवळल्यासारख्या होत असतील तर सीट अरुंद. नवे टायर घातले त्याच दिवशी दुखायला लागलं असेल तर ग्रिप वाढली आणि सीटमधली जुनी खोट उघडी पडली. फक्त एका कर्बनंतर दुखलं असेल तर ती लाइन, म्हणजे वळणातला गाडीचा मार्ग, बदला. कर्ब चढून मिळणारा पाव सेकंद या वयात कामाचा नाही.

काही मुलं वळणात श्वास रोखून धरतात किंवा बाइकसारखी आत झुकतात. हे कोचच्या लक्षात आणून द्या. साइड प्लँकसारखे व्यायाम पोटाच्या बाजूच्या स्नायूंना उपयोगी पडतात. कोल्हापूरच्या ट्रॅकवर जायचं म्हणजे नाशिकहून चारशेहून जास्त किलोमीटर. रात्रभर गाडीत आखडून बसलेलं मूल सकाळी सरळ कार्टमध्ये बसवू नये. (आणि वाटेत मिसळ खाल्ली असेल तर अजिबातच नाही.)

घरचे उपाय करताना

सेशनआधी वेदनाशामक गोळी देणं ही सगळ्यात वाईट चूक. दुखणं ही एकच खूण मुलाकडे असते, तीच आपण बंद करतो. 'रेसर असं रडत नाही' हे वाक्यही त्याच गोळीचं काम करतं. मुलं पुढच्या वेळी सांगतच नाहीत.

छातीला पट्टा आवळून बांधू नका. श्वास उथळ होतो आणि फुप्फुसात संसर्ग होऊ शकतो. तेल लावून जोरात मालिश नको, हाडवैद्याकडे 'बसवून' घेणं तर नकोच. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं ठेवा, विश्रांती द्या, खोकताना उशी छातीशी धरायला सांगा. औषध डॉक्टरांना विचारून. अ‍ॅस्पिरिन मुलांना आपल्या मनाने देऊ नये.

एक्स-रे साफ आला म्हणून निर्धास्त होऊ नका, बरगडीची बारीक चीर त्यात अनेकदा दिसत नाही. मुलांच्या बरगड्या लवचिक असतात, त्यामुळे हाड न मोडता आतल्या अवयवाला मार बसू शकतो. डाव्या खालच्या बरगड्यांमागे प्लीहा आहे, उजवीकडे यकृत. धाप, पोटदुखी, उलट्या, चक्कर, लघवीत किंवा थुंकीत रक्त, किंवा बरगडीला मार लागून डावा खांदा दुखणं, यांतलं काहीही दिसलं तर रेस सोडून थेट रुग्णालय गाठा.

बरगडी मोडली असेल तर भरून यायला साधारण सहा आठवडे लागतात. परत कधी बसायचं ते डॉक्टर ठरवतील. त्यांनी हो म्हटल्यावरही घरी बघा: मोठ्याने हसता येतं का, त्या कुशीवर झोपता येतं का, खोल श्वास घेताना चेहरा बदलतो का. मगच ट्रॅक, आणि पहिल्या दिवशी जुने टायर, थोडेच लॅप, कर्बपासून लांब. त्याआधी पार्किंगमधली ती सीटची तपासणी पुन्हा एकदा, कारण सहा आठवड्यांत मूलही थोडं वाढलेलं असतं.