झाडोरा काढताना डोझर तापतो कशाने?

उसाचा हंगाम आटोपला की पावसाळ्यापर्यंत कोल्हापूर जिल्ह्यात डोझरला उसंत नसते. शाहूवाडी, गगनबावड्याकडच्या पडीक माळावर घाणेरी, रानमोडी, करवंदाच्या जाळ्या. खाली उसाच्या शिवारात सपाटीकरणात आडवं येणारं पाचट. इंजिन तापायला लागलं की आधी रेडिएटरच्या पातींत अडकलेला पाला बघावा.

पुढची जाळी स्वच्छ दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच डोझरचा पंखा हवा आत ओढत नाही, इंजिनाकडून पुढे ढकलतो. अशा मशिनात कचरा बाजूच्या पत्र्यांतून आणि पोटाखालून शिरतो आणि पंख्याकडच्या अंगाला साचतो, बाहेरून दिसतच नाही. इंजिन मंद चालू ठेवून, पुढचं दार बंद असताना जाळीवर कागद धरा. चिकटला तर पंखा ओढतो, उडाला तर ढकलतो.

पाला काढायला कॉम्प्रेसरची हवा मारायची ती नेहमी पंख्याच्या वाऱ्याच्या उलट्या दिशेने. इंजिन बंद, थंड आणि किल्ली काढलेली हवी. दाब ३० पौंडांच्या (पीएसआय) आत, नळी पातींना काटकोनात. तिरकी धरली की पाती लोळतात आणि वाट कायमची बुजते. गाड्या धुण्याचा जोरदार फवारा तर लांबच ठेवा. हायड्रॉलिक तेलाचा कूलर रेडिएटरला लागून असेल तर दोघांच्या फटीत पाला घट्ट बसतो, तिथे टॉर्च मारून पाहा. पाती तेलकट असतील तर आधी गळती काढा. तेलावर बसलेली धूळ नुसत्या हवेने निघत नाही, साबणाचं पाणी लागतं.

उष्णता कमी व्हावी म्हणून काही जण बाजूचे पत्रेच काढून ठेवतात. त्याने काटक्यांना थेट पंख्यापर्यंत वाट मिळते. बारीक शेडनेट बांधणंही चूक, ती तासाभरात पाल्याने भरते. छिद्रं पाडलेला जाड पत्रा बरा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मापाने करून मिळेल.

ढीग डोझरच्या पुढच्या पात्याच्या (ब्लेडच्या) वर जाऊ देऊ नका. वरून घरंगळलेला बुंधा थेट जाळीवर येतो. झुडूप मुळाशी धरून ढकला, थोडं मागे या, पुन्हा घ्या.

वाळलेल्या पाचटात दर दोन तासांनी थांबून पाहणं परवडतं. तासावर भाडं देणाऱ्याला ही दहा मिनिटं खटकतात, पण ऑपरेटरला घाई करू नका. टर्बो आणि सायलेन्सरभोवती, पोटाच्या पत्र्यावर साठलेलं पाचट पेट घेतं, तेही त्याच वेळी काढा. अग्निशामक यंत्र हाताशी हवं.

तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला तर लगेच बंद करू नका. पाते जमिनीवर टेकवा, पाच मिनिटं मंद चालवा. मात्र पाणी गळत असेल किंवा वाफ फुटली असेल तर तत्क्षणी बंद. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. बोअरच्या पाण्याने आत क्षार धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा.

वळीव पडल्यावर ओला पाला आणि तांबडी माती मिळून पातींवर लिंपण बसतं. ते वाळायच्या आत, त्याच संध्याकाळी, इंजिन थंड झाल्यावर धुवा.